दादांची गाडी आणि माझे तीन केस

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. किती जुना म्हणाल, तर माझ्या डोक्यावर आता तीनच केस उरले आहेत. हसू नका. ज्यांच्या घरी आजोबा आहेत त्यांनी तर मुळीच हसू नये. घराच्या भिंती रंगवणारे ते आडदांड ब्रश आमचे कुणी लागत नाहीत. मी पेन्सिलीहूनही सडपातळ. आणि या सडपातळ अंगाने मी जन्मभर काय रंगवले असेल? फुले नाहीत, पाखरे नाहीत. मी रणगाडे रंगवले. तळहातावर मावणारे, खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढे रणगाडे.

माझा जन्म फार लांब झाला. थंड मुलखात मुंगसासारखे दिसणारे एक चपळ जनावर असते, त्याच्या शेपटीचे केस माझ्या वाट्याला आले. कारखान्यातल्या एका बाईंनी ते चिमटीत धरून एका इवल्या पितळी पेल्यात टोके खाली करून उभे केले आणि पेला टेबलावर हळूहळू आपटला. प्रत्येक केस घसरत घसरत आपापल्या जागी बसला आणि सगळ्या टोकांचे मिळून एकच टोक झाले. मी थक्क झालो. शेजारी एक नवी मुलगी काम शिकत होती. तिने टोक सारखे करायला कात्री उचलली, तर बाईंनी तिचा हात धरला. "शेंड्याला कात्री लागली की ब्रश मेला म्हणून समज," त्या म्हणाल्या. "केस उगवतो तसाच राहिला पाहिजे." ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पुढे आपल्या नशिबी काय वाढून ठेवले आहे, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते?

एका खोक्यातून मी ज्या घरी आलो ते चष्म्याचे दुकान होते. पुढच्या बाजूला काचेच्या कपाटात फ्रेमा मांडलेल्या, आणि मागच्या खोलीत खिडकीला लागून एक लांब टेबल. दुकानाचे मालक दिवसभर कपाळावर भिंग बांधून बसत, म्हणून सगळी गल्ली त्यांना भिंगवाले म्हणे. चष्म्याचे इवले स्क्रू बसवायचे, मोडलेली बिजागरी सांधायची, गरम वाळूच्या पेटीत फ्रेम धरून तिची दांडी वळवायची, हे त्यांचे पोटापाण्याचे काम. ते संपले की त्याच चिमट्यांनी, त्याच कानशींनी ते रणगाडे बांधत. त्यांनी लग्न केले नव्हते. वरच्या मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ आणि वहिनी राहत. वहिनी जिन्यातून हाक मारत, "भाऊजी, लोकांचे चष्मे आधी द्या. लढाई काय, जेवणानंतर सुरू केली तरी चालते." भिंगवाले नुसते हूं म्हणत आणि हातातले काम चालूच ठेवत.

मित्रांनो, ते काम तुम्ही बघायला हवे होते. खोक्यातून प्लास्टिकच्या सांगाड्यांना चिकटलेले शेकडो तुकडे निघत. एकेक तुकडा कातरायचा, त्याची खरखरीत कड घासायची, बिनरंगी गोंदाचा ओलसर स्पर्श द्यायचा आणि श्वास रोखून जागेवर टेकवायचा. रणगाड्याच्या पट्ट्याच्या कड्या तर नखाच्या अर्ध्याएवढ्या. त्या एकात एक गुंफत बसायचे. तार हवी असली की प्लास्टिकची काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची आणि मऊ झाली की दोन्ही टोकांनी ओढायची. काडीचा केस व्हायचा, आणि तो गाडीवर वायरलेसची तार म्हणून डौलाने उभा राहायचा. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला वाटले, हा माणूस चष्मेवाला नाही, जादूगार आहे.

मोठा रंग फवाऱ्याने बसत असे. एअरब्रश म्हणजे आमचा श्रीमंत चुलतभाऊ. आवाज फार, मिजास त्याहून जास्त. पण तो गेला की बारीकसारीक सगळे माझ्याकडे. बोल्टावरचा टिपका, कुदळीचा दांडा, सैनिकाच्या टोपीचा पट्टा. सैनिकाचे डोके डाळीच्या दाण्याएवढे, आणि त्यात दोन डोळे काढायचे. भिंगवाले श्वास सोडत, पुन्हा घेण्याआधीच्या त्या क्षणात हात स्थिर होई, आणि तेवढ्यात मी टेकून परत येई. एका डोळ्याला एक श्वास. त्या बोटांमधून मला त्यांच्या नाडीचे ठोके कळत. मी स्वतःला भाग्यवान समजत असे, आणि खरे सांगायचे तर थोडा गर्वही करत असे. बघायला येणारे लोक तोंडात बोट घालत. कुणी म्हणे, यातून आता धूर निघेल. भिंगवाले लाजून चष्मा पुसत बसत.

पण एका माणसाने "अरे वा" म्हटल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. ते म्हणजे त्यांचे दादा.

दादा तरुणपणी सैन्यात होते. खऱ्या रणगाड्याचे ड्रायव्हर. भिंगवाल्यांनाही जायचे होते. भरतीच्या रांगेत ते दादांचेच जुने बूट घालून उभे राहिले होते. पण डोळ्यांच्या तपासणीत समोरच्या फळ्यावरची वरची ओळसुद्धा त्यांना वाचता आली नाही. घरी आल्यावर त्यांनी बूट पुसून दादांच्या खोलीत ठेवून दिले आणि पुढे चष्म्याचे काम शिकले. दादा परतल्यावर रस्ते खात्याचा रोडरोलर चालवू लागले. वहिनी म्हणत, "ह्यांना हलकं वाहन मानवतच नाही." दादा बोलायला कमी. गाडीतल्या दिवसांबद्दल तर ब्र काढत नसत. त्यांच्याकडे त्या गाडीचा एकच फोटो होता, तोही काळापांढरा, आणि त्यात चार दांडगे गडी गाडीसमोर असे पसरून बसलेले की गाडी कमी आणि गुडघेच जास्त.

त्या फोटोवरून भिंगवाले दादांची गाडी बांधत. एकदा नाही, कितीतरी वेळा. पुरी झाली की जिन्यावरून वर घेऊन जात आणि दादांच्या हातात देत. दादा ती फिरवून फिरवून पाहत आणि दर वेळी एकच वाक्य बोलत.

"छान झालीय रे. पण ही आमची गाडी नव्हे."

काय चुकले म्हणून विचारले तर दादा खांदे उडवत. "ते नाही सांगता यायचं. आली समोर की कळेल." यात टाकून बोलणे नव्हते बरे का, मित्रांनो. खोटे कौतुक त्यांच्या जिभेवर येतच नसे, एवढेच. भिंगवाले हसत खाली येत, गाडी कपाटात ठेवत आणि बराच वेळ टेबलाशी नुसते बसून राहत. मग नवे खोके उघडत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा त्यांचा पीळ होता.

एकदा तर त्यांनी कमाल केली. गाडी खरी वाटावी म्हणून सगळीकडे चिखल थापला, गंजाचे ओघळ काढले, रंगाचे पापुद्रे उडवले. स्पर्धांमधल्या गाड्या तशाच असतात. ते काम बहुतेक मीच केले होते, म्हणून माझी छाती फुगली होती. दादांनी ती नाकाजवळ नेली. "हिला कुणी धुवत नव्हतं का?" त्यांनी विचारले. वहिनी एवढ्या हसल्या की त्यांना उचकी लागली. अति तिथे माती म्हणतात. आमच्या त्या गाडीवर तर मातीशिवाय दुसरे काही दिसतच नव्हते.

आणि मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती. भिंगवाले माझ्याकडून एका सैनिकाचा पट्टा रंगवून घेत होते. जिन्यातून वहिनींची हाक आली, पण नेहमीसारखी नाही. भिंगवाल्यांनी मला घाईने बरणीतल्या पाण्यात टाकले, डोके खाली आणि पाय वर, आणि ते धावले. दादा आणि वहिनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आले होते. दादांना काचबिंदू झाला होता. बाजूचे दिसणे कधीच गेले होते; समोरचा तेवढा तुकडा राहिला होता आणि तोही आवळत चालला होता. औषधाने तो तुकडा काही काळ टिकेल, गेलेले परत यायचे नाही. ज्यांनी अख्ख्या गावाला नजर दिली त्या भिंगवाल्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. या दुखण्याला कुठलीच काच चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

दादा मात्र शांत होते म्हणे. "मला सवय आहे," ते म्हणाले. "झाकण बंद केलं की ड्रायव्हरला फटीतूनच बघावं लागतं. तेवढ्यातून मी गाडी नदीपार नेलीय."

त्या दिवशी मला बरणीतून काढायचे कुणाला सुचले नाही. ब्रशाला डोक्यावर उभे ठेवले की काय होते, ते ब्रशालाच विचारा. तळाशी टेकून माझे टोक वाकले, केस धरणाऱ्या नळीत पाणी शिरले, दांड्याचा रंग फुगला. बाहेर काढले तेव्हा माझे केस पिंजारलेले होते. ज्या टोकाने मी डोळे काढत होतो ते टोकच गेले. भिंगवाल्यांनी मला साबणाने धुतले, ओठांनी ओले करून पाहिले, गुंडाळून ठेवले. काही उपयोग झाला नाही. "माझंच चुकलं," ते पुटपुटले आणि त्यांनी मला एका पत्र्याच्या डब्यात टाकले. डब्यात बोथट पाती, सुकलेली गोंदाची नळी आणि मी. माझ्या जागी नवा ब्रश आला. मला रडू आले, पण राग आला नाही. भाऊ आंधळा होतोय हे कळल्यावर ज्याला ब्रश धुवायची आठवण राहते, अशा माणसाच्या हातात राहायला मलाही आवडले नसते.

डब्याचे झाकण नीट बसत नसे, म्हणून मला सगळे दिसे. भिंगवाल्यांचे खाणेपिणे कमी झाले. त्यांना एकच ध्यास लागला. त्या फटीतून उजेड येतो आहे तोवर दादांनी एकदा, फक्त एकदा म्हणावे, "हीच." एके दिवशी वहिनी खाली आल्या आणि त्यांनी मुठीतली वस्तू टेबलावर ठेवली. दोन पंखांचा, हाताने फिरवायचा एक नट होता. गाडीच्या बाहेरच्या अवजारपेटीचा. निरोप घेताना दादांनी तो खिशात घातला होता आणि इतकी वर्षे दाढीच्या सामानात जपला होता. त्याच्या पंखांच्या बेचक्यात गाडीचा मूळ रंग शाबूत होता.

भिंगवाल्यांचे डोळे चमकले. हातच्या कंकणाला आरसा कशाला? त्यांनी भिंगाखाली नट धरला आणि थेंब थेंब मिसळत तोच रंग बनवला. नटावर एक टिपका लावून पाहिला तर तो शोधून सापडेना. नवी गाडी बांधली, तेच माप, तीच कडी, तोच रंग. आता चूक व्हायला जागाच नव्हती. डब्यातून मी मान उंच करून बघत होतो. दादांना खाली बोलावले. दादांनी हळूहळू डोके फिरवत गाडी आपल्या फटीत आणली आणि पुष्कळ वेळ पाहिली.

"नाही रे धाकट्या," ते म्हणाले. त्यांनाच वाईट वाटत होते. "ही नव्हे. ही कशी... काळवंडलीय."

दादा वर गेल्यावर भिंगवाल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतले. रंग खरा होता, आणि तरी गाडी खोटी होती.

दुसऱ्या गावी जुन्या लष्करी गाड्यांचे एक मोठे अंगण होते. दादांच्या गाडीची सख्खी बहीण तिथे उभी आहे असे भिंगवाल्यांनी ऐकले होते. त्यांनी दादांना बरोबर चल म्हटले. दादा म्हणाले, "लोखंडाला भेटायला जात नाहीत. आपण ओळखतो, ते कुठे ओळखतं?" तेव्हा भिंगवाले एकटेच निघाले. खिशात नट घेतला, आणि धूळबीळ झटकायला एखादा जुनापुराणा ब्रश असावा म्हणून डब्यात हात घातला. हाताला मी लागलो.

मित्रांनो, त्या दिवसाचे मी काय वर्णन करू! मी जन्मभर रणगाडे रंगवले होते, पण रणगाडा कधी पाहिलाच नव्हता. खिशातून डोके काढले आणि समोर तो. आभाळाचा एक भाग झाकला गेला होता. त्याची चाके भिंगवाल्यांच्या कमरेपर्यंत येत होती. पट्ट्याची जी कडी घरी चिमट्याने उचलावी लागे, ती एकट्या माणसाला हलली नसती. भिंगवाल्यांनी माझ्या पिंजारलेल्या केसांनी एका बोल्टावरची धूळ झटकली. ज्या बोल्टाला मी एका टिपक्यात उरकत आलो होतो, त्याचे डोके माझ्या सगळ्या केसांना पुरून उरले. मी त्याला स्पर्श केला. एवढे हे लोखंड माणसांनी ओतले, जोडले, चालवले, आणि एका चष्मेवाल्याने ते खिडकीजवळच्या टेबलावर आणून ठेवले. कुणाचे जास्त नवल करावे ते मला कळेना.

पुढच्या बाजूला ड्रायव्हरचे झाकण उघडे होते. आत अंधार आणि जुन्या तेलाचा वास. एक बसायची जागा, दोन दांड्या, आणि समोर बघायला जाड काचेची एक फट, टपालाच्या पेटीच्या तोंडाएवढी. भिंगवाले तिच्याकडे बघत राहिले. एवढ्याशा तोंडातून दादाने नदी पाहिली, वाट पाहिली, आणि तीन सोबत्यांना सुखरूप परत आणले. अंगणाचा राखणदार भला माणूस होता. "बसता का आत?" त्याने विचारले. "कुणी बघत नाहीये. बसा घटकाभर."

भिंगवाले एक पाऊल मागे सरले. "नको," ते म्हणाले. "ती जागा माझी नाही."

त्यांचा हात तेव्हा खिशावर होता, माझ्या अगदी जवळ. बोटे आतला नट चाचपत होती.

त्यांनी नट काढून गाडीच्या पत्र्याला टेकवला. रंग तंतोतंत तोच. म्हणजे चूक कुठे होती? हताश होऊन ते बाहेर पडले आणि रस्त्याच्या पलीकडे बसची वाट बघत उभे राहिले. अंगणाचे फाटक उघडेच होते. सहज म्हणून त्यांनी एक डोळा मिटला, हात लांब केला आणि नट दूरच्या गाडीशेजारी धरला. मग तो खाली घेतला. पुन्हा धरला. बस आली आणि गेली, त्यांचे लक्षच नव्हते. हातातला नट गर्द होता आणि रस्त्यापलीकडची गाडी फिकी, जरा धुरकट, उन्हात भिजलेली. रंग तोच, पण मध्ये हवा होती.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. साजरे असतील, पण ते दुरून फिकेही असतात, हे कुणी सांगत नाही. तळहातावरची गाडी म्हणजे जवळची लहान गाडी नव्हे, मित्रांनो. ती लांबची मोठी गाडी असते. भिंगवाले इतकी वर्षे लांबच्या गाडीला जवळचा रंग लावत होते. रस्त्यावर उभे राहून ते स्वतःशीच हसू लागले. शेजारची बाई पिशवी सावरून जरा दूर सरकली.

घरी येताच त्यांनी पुन्हा एक गाडी बांधली. नटाच्या रंगात त्यांनी आणखी एक रंग मिसळला, वाळक्या मातीसारखा फिका. "ही हवा," ते म्हणाले, आणि थेंब थेंब हवा घातली. एअरब्रशने त्याचे काम केले. मग नव्या ब्रशाला बाजूला सारून त्यांनी मला उचलले. मला खरेच वाटेना. कडांवरचा उजेड दाखवायचा तर फिका रंग घ्यायचा, तो जवळजवळ सगळा फडक्याला पुसून टाकायचा, आणि उरलेल्या नुसत्या आठवणीने कोपरे, कडा, बोल्टांची डोकी कुरवाळायची. या कामाला टोकदार ब्रश निरुपयोगी. त्याला माझ्यासारखा पिंजारलेला म्हाताराच लागतो. मी त्या गाडीवरून फिरत गेलो आणि माझ्या मागे एकेक कड जागी होत गेली. बोल्ट उजेडात वर आले, पत्र्याला जाडी आली. आपल्या हातून हे होते आहे यावर माझाच विश्वास बसत नव्हता. चिखल नाही, गंज नाही. धुऊन उभी केलेली गाडी.

दादा खाली आले तेव्हा सकाळ होती आणि खिडकीतून चांगले ऊन येत होते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वहिनींनी त्यांचा हात धरला होता. भिंगवाल्यांनी गाडी दादांच्या हातावर ठेवली आणि तो हात पुढे, लांब सरकवला. दादा डोके हळूहळू हलवू लागले. त्यांना सगळी गाडी एकदम दिसतच नव्हती. आधी तोफ सापडली, मग वरचा घुमट, मग चाके एकामागून एक. मी बरणीच्या काठावर आडवा होतो, आणि मलाही श्वास असता तर मी तो रोखला असता.

"सकाळी धुऊन उभी केली," दादा म्हणाले, "की मी मैदानाच्या त्या टोकाहून चहा घेऊन यायचो. तेव्हा अशी दिसायची." थोड्या वेळाने ते म्हणाले, "हीच."

वहिनी एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या. भिंगवाल्यांना काय करावे कळेना. त्यांनी उगीचच नट उचलला आणि परत ठेवला. दादांचा अंगठा मात्र गाडीवरून सरकत पुढे गेला आणि एका जागी थांबला.

"झाकण बंद का रे? ड्रायव्हर कुठाय?"

"तुझा चेहरा मला जमला नसता, दादा," भिंगवाले म्हणाले. "कधी हिंमतच झाली नाही."

"माझा कशाला? मी पुष्कळ चालवली. आता तू बस."

"मला कुठे घेतलं होतं त्यांनी?"

"त्यांनी नसेल घेतलं," दादा म्हणाले. "गाडी माझी आहे. मी घेतोय." मग ते पहिल्यांदा हसले. "आणि चष्मा लावून बस. नाहीतर ठोकशील कुठेतरी."

मित्रांनो, जगातल्या कुठल्याही सैन्यात नसेल असा तो ड्रायव्हर भिंगवाल्यांनी बनवला. झाकण उघडले. त्यातून छातीपर्यंत वर आलेला एक माणूस, डोके डाळीच्या दाण्याएवढे. चेहरा झाला, टोपी झाली, पण चष्मा होईना. नवा ब्रश पोटभर रंग पिई आणि टेकताच टिपका सांडे. चष्म्याऐवजी काळी पट्टी बांधल्यासारखे दिसे. दोनदा पुसले. मग भिंगवाल्यांनी मला भिंगाखाली धरले आणि माझ्या पिंजारलेल्या केसांत शोधू लागले. तीन केस त्यांना सापडले, ज्यांचे शेंडे अजून उगवले तसे होते. त्यांनी पाते उचलले. मला कारखान्यातल्या बाई आठवल्या आणि माझी पाचावर धारण बसली. पण पाते शेंड्याकडे आले नाही. ते मुळाशी गेले. बाकीचे सगळे केस टेबलावर गळून पडले आणि मी त्या तीन केसांनिशी उरलो, हलका, जवळजवळ नवा.

भिंगवाल्यांनी श्वास सोडला. एका श्वासात उजव्या डोळ्याभोवती कडे, दुसऱ्यात डाव्या. तिसऱ्यात मधला पूल, नाकावर टेकलेला. शेवटी मला स्वच्छ वार्निशात बुडवून त्यांनी प्रत्येक कड्यात एकेक सूक्ष्म थेंब ठेवला. तो वाळला आणि खिडकीचे ऊन त्यात चमकले. भिंगवाल्यांनी आयुष्यात हजारो काचा बसवल्या असतील. त्यांतल्या या सगळ्यात लहान. इतके सुंदर काम माझ्या हातून पूर्वी कधी झाले नव्हते. ते झाल्यावर भिंगवाले टेबलावर डोके टेकून रडले, आणि मग उठून त्यांनी मला साबणाने धुतले, पुसले आणि आडवे ठेवले. आधी मला, मग स्वतःचे तोंड.

तेव्हापासून मला रंगात कुणी बुडवले नाही. तरी मी बेकार नाही. तुमच्याकडे माझे भाऊबंद असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो, रागावू नका. काम झाले की त्यांना लगेच धुवा. पाण्यात डोक्यावर उभे ठेवू नका. ओले असतानाच टोक बोटांनी जुळवा आणि आडवे निजवा. आणि एखाद्याचे टोक गेलेच, तर डब्यात टाकण्याआधी एकदा भिंगाखाली धरून बघा. आत दोन-तीन केस अजून शाबूत असतात.

दादांची फट आता जवळजवळ मिटली आहे. गाडी वर त्यांच्या खिडकीत असते. ते ती मांडीवर घेतात, बोटांनी चाके मोजतात आणि पुढच्या झाकणाशी येऊन थांबतात. त्या इवल्या डोक्याला कधी बोट लावत नाहीत, शेजारी ठेवतात. रोज सकाळी भिंगवाले मला घेऊन वर येतात. माझे आता एकच काम आहे. त्या ड्रायव्हरच्या चष्म्यावरची धूळ पुसणे. तीन केसांना तेवढे पुरेसे आहे.

"पुसलीस का काच?" दादा विचारतात.

"पुसली, दादा."

"नीट दिसतंय ना त्याला?"

भिंगवाले गाडी उजेडाकडे वळवतात, आणि मी माझ्या तीन केसांनी ऐकत असतो.

"दिसतंय," ते म्हणतात. "सगळं दिसतंय."

"मग जाऊ दे पुढे," दादा म्हणतात, आणि मागे टेकून डोळे मिटतात.